शौचातून 'आव' का पडते? आतड्याचे जंतूंपासून रक्षण करणारा चिकट थर

पावसाळा सुरू झाला, की राळेगाव आणि आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते: "डॉक्टर, आव पडते." कोणाला मुरडा येऊन दिवसातून सात-आठ वेळा जावे लागते, तर कोणाला सकाळच्या शौचाबरोबर थोडासा शेंबडासारखा चिकट पदार्थ दिसतो. शब्द दोघांचाही एकच असतो आणि समजूतही बहुधा एकच असते: आव म्हणजे पोटात साठलेली घाण, ती एकदाची बाहेर काढली की आजार गेला. मग कोणी एरंडेल घेतो, कोणी मेडिकलमधून चार गोळ्या आणतो.

प्रत्यक्षात आव म्हणून जे दिसते, ते आपल्याच आतड्याने स्वतःच्या रक्षणासाठी तयार केलेले असते. वैद्यकीय भाषेत त्याला म्युकस किंवा श्लेष्मा म्हणतात. हा थर कसा काम करतो, तो कशामुळे कमजोर होतो आणि आव पडल्यावर कधी थांबायचे व कधी दवाखान्यात धाव घ्यायची, हे या लेखात पाहू.

थोडक्यात

• आतड्याच्या आतल्या बाजूला म्युकसचा चिकट थर असतो. तो जंतूंना आतड्याच्या पेशींपर्यंत पोहोचू देत नाही.
• शौचात कधीतरी थोडी आव दिसणे हा आजार नाही. तिच्यासोबत रक्त, ताप, तीव्र पोटदुखी किंवा वजन घटणे असेल, तर तपासणी हवी.
• विनाकारण घेतलेली अँटिबायोटिक्स, वेदनाशामक गोळ्या आणि चोथा नसलेला आहार यांनी आतड्याचे संरक्षण कमजोर होऊ शकते.

म्युकस म्हणजे काय आणि ते कोठे तयार होते?

नाकात जसा शेंबूड आणि घशात जसा कफ तयार होतो, तसाच स्राव पोट व आतड्याच्या अस्तरातही तयार होतो. आतड्यात हे काम पेल्याच्या आकाराच्या गॉब्लेट पेशी करतात. या पेशी म्युसिन नावाचे प्रथिन सोडतात. त्याच्या लांब धाग्यांवर साखरेच्या असंख्य साखळ्या असतात. पेशीतून बाहेर पडताच हे धागे पाणी शोषून फुगतात आणि त्यांची बारीक जाळी तयार होते. म्युकसमध्ये ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, पण या जाळीमुळे ते घट्टसर आणि बुळबुळीत होते.

याची गरज का पडते, हे आकड्यांवरून कळेल. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आतड्याच्या अस्तरात मात्र पेशींचा एकच थर असतो आणि त्याच्या लगेच मागे रक्तवाहिन्या असतात. म्हणजे जिवाणूंचा एवढा मोठा साठा आणि आपले रक्त यांच्यामध्ये एका पेशीच्या जाडीची भिंत आणि तिच्यावर म्युकसचा लेप, एवढेच असते.

लहान आणि मोठ्या आतड्यात वेगवेगळी व्यवस्था

लहान आतड्याचे मुख्य काम अन्न शोषून घेण्याचे. तेथे फार घट्ट लेप असता, तर अन्नरस आत शिरलाच नसता. म्हणून तेथील म्युकस सैल असते आणि त्याचा एकच थर असतो. त्याची उणीव इतर गोष्टी भरून काढतात. आतड्याच्या बारीक खळग्यांतल्या पॅनेथ पेशी जंतुनाशक प्रथिने सोडतात, ती म्युकसमध्ये मिसळतात. आयजीए नावाच्या अँटिबॉडीज जंतूंना चिकटून त्यांना निकामी करतात. आतड्याची हालचाल हे सगळे सतत पुढे ढकलत राहते.

मोठ्या आतड्यात म्युकसचे दोन थर असतात. बाहेरचा थर सैल असतो. त्यात लाखो उपयुक्त जिवाणू सुखाने राहतात, त्यातली साखर खातात. आतला थर अस्तराला घट्ट चिकटलेला असतो आणि त्याची जाळी जिवाणूंच्या आकारापेक्षा बारीक असते. त्यामुळे तो जवळजवळ जंतुविरहित राहतो. दोन्ही मिळून जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते.

ही दोन थरांची रचना स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली स्पष्ट केली. तोपर्यंत ती नीट लक्षात आली नव्हती, कारण तपासणीसाठी आतड्याचा तुकडा नेहमीच्या फॉर्मेलिनमध्ये ठेवला की म्युकस आकसून जाते. ज्या उंदरांत हे मुख्य म्युसिन तयारच होत नाही, त्यांच्या आतड्यात जिवाणू थेट अस्तराला जाऊन भिडतात आणि तेथे सूज व जखमा होतात, हेही प्रयोगांत दिसले आहे.

हा थर सतत झिजतो आणि सतत नवा तयार होतो. जुने म्युकस शौचाबरोबर मिसळून बाहेर जाते, आपल्याला ते दिसतही नाही. जंतूंनी हल्ला केला, की गॉब्लेट पेशी एकदम जास्त म्युकस सोडतात, जेणेकरून जंतू वाहून जावेत. ते डोळ्यांना दिसते, तेव्हा आपण म्हणतो, "आव पडली."

जंतू हा थर कसा भेदतात?

बहुतेक जंतू या चिकट थरात अडकून बाहेर फेकले जातात. काहींनी मात्र तो पार करण्याच्या युक्त्या कमावल्या आहेत. महाराष्ट्रातील अलीकडची दोन उदाहरणे पाहा.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलेन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. यातील अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. हा जिवाणू मळसूत्रासारखा पिळदार असतो आणि त्याला शेपटीसारखे धागे असतात. त्यामुळे ज्या चिकट म्युकसमध्ये इतर जंतू अडकतात, त्यात तो पोहत पुढे सरकतो. शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडीज बनवते. या जिवाणूच्या आवरणाचा काही भाग आपल्या नसांवरील घटकांसारखा दिसत असल्याने क्वचित त्या अँटिबॉडीज नसांवरच हल्ला करतात. त्यातून हातापायांतली शक्ती जाते. जुलाब झालेल्यांपैकी फार थोड्यांना हे होते. तरीही जुलाबानंतरच्या एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या येऊ लागल्या किंवा पायऱ्या चढताना पाय लटपटू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी, कोयलारी या गावांत दूषित पाण्यातून कॉलऱ्याची साथ पसरली आणि रुग्ण दगावले. कॉलऱ्याचा जंतूही शेपटीच्या जोरावर म्युकस पार करतो, अस्तराला चिकटतो आणि तेथे विष सोडतो. त्या विषामुळे आतड्यातून पाण्याचा लोंढा सुरू होतो. कॉलऱ्याचे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे दिसतात. त्यात तरंगणारे पांढरे कण म्हणजे आतड्याचे वाहून चाललेले म्युकसच.

अमिबाची तऱ्हा आणखी वेगळी. तो आधी म्युकसमधल्या साखरेला चिकटतो. बऱ्याच जणांत तो तिथेच अडकून राहतो, म्हणूनच अमिबाची लागण झालेल्या दहापैकी सुमारे नऊ जणांना काहीच त्रास होत नाही. काहींमध्ये मात्र तो म्युसिनचे धागे तोडणारे पाचक रस सोडतो, थर फोडतो आणि अस्तरात जखमा करतो. मग मुरडा, आव आणि रक्त दिसू लागते. शिगेला हा जिवाणू तर दहा ते शंभर इतक्या थोड्या संख्येनेही रक्ती आव घडवू शकतो. एकाच्या न धुतलेल्या हातांमुळे घरातल्या सगळ्यांना लागण होते ती याचमुळे.

हा थर कशामुळे कमजोर होतो?

१. चोथा नसलेला आहार. मोठ्या आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचे अन्न म्हणजे आपल्या जेवणातला चोथा. तो मिळाला, की ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. त्यावर अस्तराच्या पेशी पोसल्या जातात आणि म्युकसही चांगले तयार होते. चोथा मिळाला नाही, तर हेच जिवाणू पोट भरण्यासाठी म्युकसमधली साखर खाऊ लागतात. २०१६ साली लक्झेंबर्ग व अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात चोथाविरहित आहाराने म्युकसचा थर पातळ झाला आणि रोगजंतूंचा संसर्ग अधिक तीव्र झाला.

२. विनाकारण अँटिबायोटिक. आव दिसली, की मेडिकलमधून मेट्रोनिडाझोलसारख्या गोळ्या आणणे आपल्याकडे नेहमीचे झाले आहे. खरा अमिबाचा आजार असेल, तर हे औषध उत्तम आहे. नसेल तर फायदा नाही, उलट तोटा संभवतो. कॅनडातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले, की मेट्रोनिडाझोल दिलेल्या उंदरांच्या आतड्यातील म्युकसचा आतला थर पातळ झाला आणि नंतरचा संसर्ग अधिक बळावला. माणसांमध्येही अँटिबायोटिकने उपयुक्त जिवाणू मरतात आणि काही वेळा औषधामुळेच जुलाब सुरू होतात.

३. वेदनाशामक गोळ्या. कापूस वेचणी किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या रोज घेणारे बरेच जण असतात. जठरात म्युकस तयार होण्यासाठी लागणारे प्रोस्टाग्लँडिन या गोळ्यांमुळे कमी होते. त्यामुळे जठरात अल्सर होऊ शकतो, लहान आतड्याच्या अस्तरालाही इजा पोहोचते. उपाशीपोटी आणि सलग अनेक दिवस घेतल्यास धोका वाढतो.

४. वारंवार जुलाबाची औषधे. 'पोट साफ' करण्यासाठी दर आठवड्याला तीव्र जुलाब घेतल्याने आव जात नाही. आतड्याला चिडवले, की ते आणखी म्युकस सोडते. म्हणजे आव वाढते आणि आपल्याला वाटते, औषध लागू पडले.

५. पाकीटबंद पदार्थ. आइस्क्रीम, बेकरीचे पदार्थ, सॉस यांत घट्टपणासाठी घातले जाणारे काही पदार्थ उंदरांच्या आतड्यातील म्युकसवर वाईट परिणाम करतात, असे दिसले आहे. माणसांबाबतचा पुरावा अजून मर्यादित आहे. कधीतरी खाल्ल्याने घाबरायचे कारण नाही, पण रोजच्या जेवणाची जागा त्यांना देऊ नये.

आव पडणे: केव्हा कशाचे लक्षण?

• शौच बांधून होते, कधीतरी थोडी आव दिसते, बाकी काही त्रास नाही: बहुधा काळजीचे कारण नाही. बद्धकोष्ठातही असे होते.
• आव, पोट फुगणे, शौचाला गेल्यावर आराम वाटणे, ताणतणावात त्रास वाढणे, पण रक्त नाही आणि वजनही घटत नाही: आयबीएस, म्हणजे आतड्याच्या अतिसंवेदनशीलतेची शक्यता.
• आव, रक्त, मुरडा आणि ताप: शिगेला किंवा अन्य जिवाणूंचा संसर्ग.
• आव आणि रक्त, ताप नाही किंवा कमी, त्रास हळूहळू वाढलेला: अमिबाची शक्यता.
• आव आणि रक्त चार आठवड्यांहून अधिक, औषधाने तात्पुरता आराम आणि पुन्हा तेच: अल्सरेटिव्ह कोलायटिससारखा आजार असू शकतो. या आजारात म्युकसचा थरच विस्कळीत झालेला असतो. 'जुनी आव' समजून वर्षानुवर्षे त्याच त्या गोळ्या खाणारे रुग्ण आम्हाला दिसतात. तोवर आतड्याचे बरेच नुकसान झालेले असते.
• चाळिशीनंतर शौचाच्या सवयीत बदल, आव, रक्त, अशक्तपणा: मोठ्या आतड्याचा कर्करोग नाही ना, हे तपासावे लागते. 'मूळव्याध असेल' म्हणून अंगावर काढू नका.
• तान्हे बाळ थांबून थांबून कळवळून रडते, उलट्या करते आणि लाल जेलीसारखे शौच होते: आतड्यात आतडे शिरण्याचा आजार असू शकतो. एकही तास न दवडता रुग्णालयात न्या.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

• शौचात रक्त दिसल्यास
• ताप १०१ अंशांच्या वर असल्यास किंवा पोटात सतत तीव्र दुखत असल्यास
• लघवी कमी होणे, तोंड कोरडे पडणे, डोळे खोल जाणे, गुंगी येणे ही पाणी कमी झाल्याची लक्षणे असल्यास
• बाळ दूध ओढत नसल्यास किंवा सारख्या उलट्या होत असल्यास
• वृद्ध, गरोदर स्त्री, मधुमेही किंवा किडनीचा रुग्ण असल्यास
• जुलाब तीन दिवसांत न थांबल्यास, किंवा नुसती आव महिनाभर पडत राहिल्यास

रुग्ण गळून गेला असेल, तर १०८ वर फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत घोट-घोट ओआरएस देत राहा.

कोणत्या तपासण्या लागतात?

प्रत्येक रुग्णाला तपासणी लागत नाही. रक्त पडत असेल किंवा त्रास लांबला असेल, तर आधी शौचाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते. अमिबा शोधायचा असेल, तर नमुना ताजा हवा. सकाळचा नमुना दुपारी लॅबमध्ये नेऊन उपयोग नाही. अहवालात नुसते 'सिस्ट' लिहून आले, तर घाबरू नका. अमिबाचा एक निरुपद्रवी भाऊबंद सूक्ष्मदर्शकाखाली अगदी तसाच दिसतो. उपचाराचा निर्णय लक्षणे पाहून होतो.

आतड्यात सूज आहे का, हे पाहण्यासाठी शौचातील कॅल्प्रोटेक्टिनची तपासणी उपयोगी पडते. त्यावरून आयबीएस आणि कोलायटिस यांत फरक करायला मदत होते. गरज वाटल्यास कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी करतात. त्यासाठी आमच्या भागातले रुग्ण यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय अशा मोठ्या ठिकाणी पाठवले जातात. तपासणीच्या नावाने भीती वाटते, पण वेळेवर निदान झाले तर उपचार सोपे होतात.

घरी काय करावे?

• ओआरएसचे एक पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवा आणि २४ तासांत संपवा. पाकीट नसेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला.
• जेवण बंद करू नका. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, ताक, केळे द्या. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध चालूच ठेवा. आईच्या दुधातून आयजीए अँटिबॉडीज मिळतात आणि त्या बाळाच्या आतड्यात पहारा देतात.
• जुलाब झालेल्या मुलांना झिंक १४ दिवस द्यावे: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी मात्रा पूर्ण करा. आशा ताई किंवा आरोग्य केंद्राकडे विचारा.
• जुलाब रोखणारी लोपेरामाइडसारखी गोळी लहान मुलांना देऊ नका. रक्ती आव किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये.
• डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले असेल, तर सांगितलेले दिवस पूर्ण करा. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी किंवा शेजाऱ्यासाठी ठेवू नका.

थराची रोजची काळजी

मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा हवा. आपल्याकडे त्यासाठी महागडी पावडर घ्यावी लागत नाही. ज्वारीची भाकरी, सालीची डाळ, मोड आलेली कडधान्ये, अंबाडी-मेथीची भाजी, गवार, शेवग्याच्या शेंगा, जवसाची चटणी, पेरू आणि संत्र्याच्या फोडी यांतून तो सहज मिळतो. संत्र्याचा रस गाळून पिण्यापेक्षा फोड खाल्लेली बरी. चोथा वाढवायचा असेल, तर आठवडा-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट फुगते. जुलाब चालू असताना किंवा कोलायटिसचा त्रास बळावला असताना मात्र डॉक्टरांना विचारूनच आहार ठरवा.

पावसाळ्यात पाणी उकळून प्या. खदखदून उकळी आल्यावर एक मिनिट तसेच राहू द्या. उकळणे शक्य नसेल, तर क्लोरीनचे थेंब वापरा. शौचानंतर, बाळाचे धुतल्यानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवा. म्युकसचा थर कितीही चांगला असला, तरी रोज दूषित पाण्यातून येणाऱ्या जंतूंपुढे तो एकटा पुरा पडत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भेंडी, इसबगोल असे बुळबुळीत पदार्थ खाल्ल्याने आव वाढते का?
नाही. भेंडीचा बुळबुळीतपणा वनस्पतीचा आहे, आव आपल्या पेशी तयार करतात. इसबगोल पाणी धरून ठेवतो आणि शौच मऊ करतो.

जुलाब थांबल्यावरही चार-पाच दिवस थोडी आव पडते. औषध परत घ्यावे का?
रक्त, ताप, पोटदुखी नसेल तर घेऊ नये. अस्तराच्या पेशी साधारण तीन ते पाच दिवसांत नव्याने तयार होतात. त्या काळात थोडी आव दिसू शकते.

दूध प्यायले की आव पडते. दूध कायमचे सोडावे का?
जुलाबानंतर काही दिवस दुधातली साखर पचत नाही, त्यामुळे पोट बिघडते. तेवढे दिवस दही-ताक घ्या. नेहमीच असे होत असेल, तर डॉक्टरांना सांगा. हा सल्ला अंगावर पिणाऱ्या बाळांना लागू नाही.

मुलाला दर महिन्याला आव होते. ताकद कमी आहे का?
आधी पाण्याचा स्रोत, हात धुण्याची सवय आणि घरातल्या इतरांचा त्रास पाहा. वजन वाढत नसेल किंवा रक्त पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

लक्षात ठेवा

आव दिसली, की आधी तीन प्रश्न विचारा: रक्त आहे का, ताप आहे का, किती दिवसांपासून आहे? या तिन्हींची उत्तरे घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर निम्मे निदान तिथेच होते. उत्तरे काळजी करण्याजोगी नसतील, तर ओआरएस, साधे जेवण आणि दोन-तीन दिवसांचा धीर पुरेसा असतो. नुसती आव थांबवण्यासाठी गोळी घेऊ नका.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.